वन्संच्या नावाने चार मजले

वन्सं आल्या होत्या पंधरा दिवसांसाठी. बॅगही तेवढीच होती. पेंटरबाईने बॅगेवर नीट नजर टाकून घेतली होती, म्हणून तर तोंडभरून "राहा ना" म्हणाली. पुढे पेंटरबाईचं ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, परत आले, आधी कधी नव्हते असे कुरळे आले, रेडिएशनही उरकलं. वन्सं आपल्या तिथेच. त्या एवढ्याशा बॅगेत काय काय मावलं होतं ते मग हळूहळू कळायला लागलं. त्यात एक पितळी घंटासुद्धा होती.

घंटा कशाला, तर वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, आणि त्यांची अख्खी नोकरी मुलींच्या हॉस्टेलात रेक्टर म्हणून गेलेली. रिटायर झाल्यावर हाताखाली एकही मुलगी उरली नाही. एकट्या घरात खुर्च्यांना शिस्त लावत होत्या. तेवढ्यात भावजय आजारी पडली. स्तनाचा कॅन्सर. वन्सं धावत आल्या, रात्रीचा दिवस केला, उलटीचं भांडं धरलं आणि नाक मुरडलं नाही. हे पेंटरबाईही मान्य करते. पण बाई बरी झाली तरी हॉस्टेल सुरूच.

जेवायची घंटा. झोपायची घंटा. कप उचलायचा नाही. उजवा हात तर नाहीच नाही, तो ऑपरेशनच्या बाजूचा. बादलीकडे बघायचंसुद्धा नाही.

"वन्सं, अहो डॉक्टर स्वतः म्हणाले, आता हालचाल करा."

"डॉक्टरांना काय जातंय म्हणायला? तू पडलीस तर ते येणार आहेत का उचलायला?"

नवरा मधे पडायचा नाही. नवरा घड्याळं दुरुस्त करतो. खिडकीशी टेबल, एका डोळ्यात भिंग, पुढ्यात उघडी घड्याळं, आणि आवाज म्हणाल तर तेवढाच, घड्याळांचा. साठीला आला तरी बहीण त्याला बाळ्या म्हणते आणि तो "ओ" देतो.

आणि अशात पोहण्याच्या तलावाच्या मॅनेजरचा फोन आला.

पेंटरबाई बोर्ड रंगवते. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या बसचा मागचा भाग, गोदामाच्या भिंती. सगळं आयुष्य शिडीवर गेलंय तिचं. तलावाच्या मोठ्या भिंतीला नवं प्लास्टर झालं होतं. त्यावर तलावाचे नियम लिहायचे होते, लांबून दिसतील एवढे. छापलेले स्टिकर तिथल्या ओलीने सोलून निघतात, म्हणून हाताने रंगवून हवे होते. जमेल का?

"जमेल," पेंटरबाई म्हणाली. फोन ठेवला. मग घरात सांगितलं.

घरात जे झालं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. शेवटी एवढं झालं, की शिडी माळ्याखालच्या खोलीत गेली, खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली वन्संच्या जुडग्यात गेली.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्या भिंतीचं. तर ते असं होतं. वर्षभर जो भेटेल तो पेंटरबाईकडे मान कलती करून बघायचा. दूधवाला, शेजारीण, रंगाच्या दुकानातला माणूस, सगळे. मान जराशी एका बाजूला, डोळे जरासे बारीक, "कसं वाटतंय आता?" चांगले लोक हो सगळे. पण तिला वाटायचं आपण बाई नाही, भिंतीवर वाकडी लागलेली तसबीर आहोत. शिडीवरच्या बाईकडे कोणी मान कलती करून बघत नाही. तिच्याकडे बघायचं तर मान वर करावी लागते. बास, तेवढंच हवं होतं तिला. आणि मॅनेजरने महिनाअखेरपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं होतं.

तर कोच इथे आली. म्हणजे आली नाही, फोनवर आली.

हॉस्पिटलने सोय केली होती. कॅन्सरमधून उठलेल्या बायकांना पुन्हा हलतं करायचं, आणि त्यासाठी फोनवरून शिकवणारी कोच. ही कोच कुठल्यातरी दुसऱ्याच गावात बसायची. आवाजावरून लेकीच्या वयाची. मनगटाला बांधायला एक पट्टा मिळाला. माणूस किती हलला, किती बसला, सगळं त्यातून फोनवर दिसतं.

पट्टा बघून वन्सं हरखल्या. "म्हणजे हजेरीच की ही!"

त्यांनी ती हजेरी स्वतःच्या फोनवर घेतली. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी चष्मा लावायच्या आणि वाचायच्या. आता गंमत बघा. कोचला हवं होतं की बाईने हलावं. वन्संना हवं होतं की बाईने हलू नये. आणि दोघींकडे पट्टा एकच.

"वहिनी, सकाळी काय गं एवढी हललीस?"

"अंघोळ केली वन्सं."

"बसून करायची."

तिसऱ्या दिवशी जेवणं झाली, वन्सं आत जाऊन लवंडल्या, तशी पेंटरबाई नवऱ्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"अहो, हात पुढे करा."

त्याने भिंगातूनच बघितलं. "कशाला?"

"करा तर."

तिने पट्टा त्याच्या मनगटाला बांधला आणि वर बाही ओढून दिली. त्याच्या हातात तशीही चाचणीसाठी कोणाकोणाची घड्याळं असायचीच. त्यात एक भर.

"मी काय करायचं?"

"काही नाही. आयुष्यभर जे केलंत तेच. बसा."

"ताईला कळलं तर?"

"तुम्ही हललात तर कळेल."

तो बिचारा त्या दिवसापासून शिंकसुद्धा जपून द्यायला लागला. संध्याकाळी वन्संनी हजेरी वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "आज कशी शहाण्यासारखी बसलीस!"

पण दोनच दिवसांनी कोचचा फोन आला. पेंटरबाई फोन घेऊन जिन्यात गेली.

"काकू, बरं आहे ना? घाबरले मी. दुपारी तुम्ही इतक्या गप्प असता, मला वाटलं पट्टा टेबलाला बांधलाय."

"टेबलाला नाही गं. नवऱ्याला."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज. मग पोरीचं हसू आवरेचना. पेंटरबाईने तिला सगळं सांगितलं, घंटा, किल्ली, हजेरी, भिंत.

"काकू, मी खोटी नोंद ठेवणार नाही हं," हसून झाल्यावर कोच म्हणाली. "दुपारचे आकडे मी नवऱ्याचे म्हणूनच लिहिणार. पण तुम्हाला चालवायचं काम माझं आहे. तुमच्याकडे जिना आहे ना?"

जिना होता. घर तळमजल्यावर, वर चार मजले, मग गच्ची. दुपारी जिन्यात चिटपाखरू नसायचं.

"मग मला खिशात ठेवा, तार कानात घाला आणि चढा. बोलत बोलत. चढताना बोलता यायला हवं, मग जोर बरोबर लागतोय. गाणं म्हणता आलं तर कमी पडतोय. आणि शब्द तुटायला लागला की लगेच थांबायचं. कठडा धरून."

"आता मी एवढं बोलू काय?"

"काहीही. घरातलं सांगा."

"घरातलं?" पेंटरबाई म्हणाली. "बघ हं."

आणि तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वन्संच्या नावाने खडे फोडायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी घंटेची गोष्टही पुरी झाली नाही. पहिल्या मजल्याच्या वळणावरच ती भिंतीला टेकली. छाती भात्यासारखी हलत होती. पाय लटलट. वर्षापूर्वी ही बाई रंगाचे डबे घेऊन शिडीवर खालीवर करत होती, आणि आता हे. डोळ्यात पाणी आलं.

कोचने धाप ओसरू दिली. मग म्हणाली, "थांबा. बसा हवं तर. मग पुढे? घंटा वाजवली, मग काय झालं?"

"मग? मग कसलं… नवरा तोंडात घास घेऊन… उभा राहिला."

"का?"

"ते… वर जाऊन सांगते."

कोच काय ते समजली. दुसऱ्या दिवसापासून तिने युक्तीच केली. गोष्ट रंगात आली की म्हणायची, "इथे नको काकू, पुढचं वरच्या मजल्यावर." आणि पेंटरबाईला तर सांगायची इतकी घाई, की पाय आपोआप उचलायचे. वन्सं साखर किती उरली याची डब्यावर खूण करून ठेवतात, हे दुसऱ्या मजल्यापर्यंत पुरलं. वन्सं घोरतात, आणि घोरताना कोणी बघितलं तर झोपेतच म्हणतात "मी जागी आहे", याला जरा मोठी चढण लागली. आठवडा गेला, दुसरा गेला. पेंटरबाईच्या पोटऱ्या ठणकायच्या, मग ठणकेनाशा झाल्या.

"नाक बघायला हवंस तू," ती तिसऱ्या मजल्यावर एका दमात सांगत होती. "लोक नाकावर चष्मा ठेवतात. यांच्या चष्म्यानेच नाक धरून ठेवलंय, नाहीतर कधीच दुसऱ्याच्या घरात जाऊन वास घेऊन आलं असतं."

"काकू, वाक्य केवढं मोठं होतं, कळलं का?" कोच ओरडली. "आणि एकदाही तुटलं नाही!"

खालच्या मजल्यावर कुठेतरी दार वाजलं. पेंटरबाईने कान दिला. परत शांत. ती पुढे निघाली.

हाताचं मात्र अवघड होतं. गच्चीच्या दाराशेजारी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि बोटं भिंतीवरून वर वर चालवायची, कोळ्यासारखी. कोचने शिकवलेलं. जिथे ओढ बसेल तिथे थांबायचं, ओढून न्यायचं नाही. ती खडूने खूण करायची. खूण रोज सरकायची, पण सरकायची म्हणजे कशी, तर लाजत लाजत. कानाच्या जरा वर गेली आणि तिथे रुसून बसली.

एक दिवस पेंटरबाई त्या खुणेकडे बघत म्हणाली, "नाही जमायचं पोरी. वरची ओळ लिहायची तर हात डोक्यावर जायला हवा."

"का?"

"का म्हणजे? ओळ वर असते."

"आणि तुम्ही?"

"मी शिडीवर."

"मग आणखी वर चढा ना. ओळ छातीसमोर येईल."

पेंटरबाईने खुणेकडे परत बघितलं. एवढी वर्षं ती खालच्या पायरीवर उभं राहून हात लांब करून वरचं रंगवत आली होती. सगळेच पेंटर तसं करतात, चढउतर वाचते. वरच्या पायऱ्यांवर उभं राहणं म्हणजे सगळा भार पायांवर.

"वरती पाय कापतात गं."

"पाय माझ्याकडे सोपवा. हात येईल त्याच्या सवडीने. हात वर जात नसेल तर बाई वर जाईल."

त्या दिवशी पेंटरबाई चौथ्या मजल्यावर दोनदा गेली. आणि कोचने हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, शिडीला हरकत नाही, पण खाली धरायला माणूस हवा, जड डबे उचलायचे नाहीत, आणि हात जड वाटला किंवा सुजला तर लगेच उतरायचं.

महिना संपत आला होता. पेंटरबाईने ठरवलं होतं, शेवटच्या दिवशी वन्संसमोर उभं राहायचं आणि किल्ली मागायची. काय बोलायचं तेही चढता चढता पाठ केलं होतं.

पण त्याच्या आदल्या संध्याकाळी वन्संनी चहा ठेवला, चष्मा लावला, फोन उघडला आणि भुवई वर केली.

"वहिनी, दुपारी कुठे गेली होतीस?"

"मी? कुठे नाही."

"चांगली लांब जाऊन आलीस. हे बघ. जाताना भरभर, येताना रमतगमत."

पेंटरबाईने नवऱ्याकडे बघितलं. नवरा एका बंद घड्याळात इतका वाकला होता की नाक आत गेलं असतं. कान मात्र लाल झाले होते.

आता आली का पंचाईत. मी नाही गेले म्हणावं तर पट्टा कोणाकडे होता ते सांगावं लागणार. पेंटरबाई म्हणाली, "हो… म्हणजे… जरा कोपऱ्यापर्यंत पाय मोकळे करायला…"

"खोटं," वन्सं म्हणाल्या.

"अहो वन्सं…"

"दुपारी तू जिन्यात होतीस. चौथ्या मजल्यावर. मी झोपते तेव्हा तोंड कसं उघडं असतं त्याचं वर्णन चाललं होतं. म्हशीशी तुलना झाली."

खोलीत फक्त घड्याळं ऐकू यायला लागली.

"जिन्यात बोललेलं तळापर्यंत ऐकू येतं गं बाई. दाराला कान लावायचीसुद्धा गरज नाही. आत पलंगावर पडल्यापडल्या ऐकते मी. महिनाभर."

पेंटरबाईला वाटलं जमीन दुभंगावी. मग दुसरं काहीतरी वाटलं. "महिनाभर? मग थांबवलं का नाहीत?"

वन्संनी चहाचा घोट घेतला. "पहिल्या दिवशी तुझा आवाज वळणावरच बंद पडला. मी चपला घालून दारापर्यंत आले होते. तेवढ्यात परत माझ्या घंटेवर घसरलीस. म्हटलं, शिव्या देतेय म्हणजे जिवंत आहे. मग रोज तसंच. आवाज बंद पडला की उठायचं, सुरू झाला की परत आडवं व्हायचं. झोप म्हणून झाली नाही माझी महिनाभर." त्यांनी चष्मा वर सरकवला. "आणि नाकाचं जे बोललीस ते मी विसरणार नाही."

"सॉरी वन्सं."

"ते नंतर. आता मला सांग, तू जिन्यात, तर ही हजेरी कोणाची? हॉस्टेलात एकीची हजेरी दुसरीने लावायची, अशा शंभर पोरी धरल्यात मी." त्यांनी मान न वळवता हाक मारली. "बाळ्या."

"ओ."

"बाही वर कर."

त्याने केली. तीन घड्याळं आणि एक पट्टा.

"कुठे गेला होतास?"

नवऱ्याने भिंग काढून टेबलावर ठेवलं. त्याच्या डोळ्याभोवती गोल वळ उठला होता. "पट्टा हातात आहे हेच विसरलो," तो पुटपुटला. "तलावावर गेलो होतो. मॅनेजरकडे. तिला जमणार नाही म्हणून सांगून आलो."

पेंटरबाई उठली. बसली. परत उठली. तोंड उघडलं तर शब्दच फुटेना, आणि आता काही जिना नव्हता समोर.

"माझं काम," ती शेवटी म्हणाली. "माझ्या तोंडचं 'नाही' तुम्ही सांगून आलात? आणि येताना रमतगमत?"

"रमतगमत नाही गं. पाय उचलत नव्हते."

"का गेलात?"

"शिडीच्या खाली कोण असतं दर वेळी? मी. तू वर रंगवतेस आणि मी खाली मान वर करून उभा. ऑपरेशनलाही दाराबाहेर मीच. जे होतं ते तुला होतं आणि खाली उभा मी असतो. मला आता नाही बघवत."

"मग डोळे मिटा," पेंटरबाई म्हणाली. पण आवाज तितका चढला नाही.

वन्सं उठल्या. त्यांनी कमरेचं जुडगं काढलं, त्यातली एक किल्ली सोडवायला बराच वेळ लावला, आणि ती टेबलावर आपटली.

"हे बघ वहिनी. तुझ्या शिडीला माझा विरोध आहे. कालही होता, उद्याही राहील. तोंडावर सांगते. पण एकीचा अर्ज दुसऱ्याने परस्पर मागे घ्यायचा, हे मी माझ्या हॉस्टेलात कधी चालू दिलं नाही. बाळ्या, उद्या सकाळी शिडी तू उचलायचीस."

दुसऱ्या दिवशी तिघं निघाली. पुढे पेंटरबाई, पिशवीत ब्रश आणि खडू. मागे नवरा, खांद्यावर शिडी, हातात रंगाचा डबा. सगळ्यात मागे वन्सं, छत्री घेऊन, ऊन नव्हतं तरी.

मॅनेजर टेबलामागून उठला आणि त्याची मान कलती झाली. "अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मिस्टर बोलले मला. मी स्टिकरवाल्यांना सांगितलं उद्या यायला. तुम्ही तब्येत सांभाळा."

"मान सरळ करा आधी," पेंटरबाई म्हणाली.

"अं?"

"मान. हां. आता ऐका. मिस्टर चुकले. एक ओळ लिहून दाखवते, सगळ्यात वरची. नाही आवडली तर पुसून देते आणि जाते."

मॅनेजरने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने शिडीआड तोंड लपवलं. मॅनेजरने वन्संकडे बघितलं आणि का कोण जाणे, शर्टाचं वरचं बटण लावून टाकलं. "बरं," तो म्हणाला, "एक ओळ."

भिंत पांढरीशुभ्र होती आणि वाटली त्याहून उंच. समोर निळं पाणी, पोरांचा कालवा, हवेत औषधाचा वास. पेंटरबाईने शिडी लावून घेतली, हलवून बघितली. नवऱ्याने दोन्ही हातांनी धरली आणि खरोखर डोळे मिटले. डबा तिने त्याआधीच त्याला शिडीच्या वरच्या आकड्याला अडकवायला लावला होता. मग तार कानात घातली.

"कोच, मी शिडीपाशी आहे."

"बोलत राहा काकू. शब्द तुटला की थांबायचं, नेहमीसारखं."

ती चढायला लागली. पण बोलायचं काय? महिनाभराचा विषय खाली उभा होता, छत्री टेकवून, मान वर करून.

"आमच्या वन्सं ना," पेंटरबाई म्हणाली, "फार… चांगल्या आहेत. फार… प्रेमळ. आणि… आणि…"

"काकू! दम लागला का? थांबा!"

"दम नाही गं. विषय संपला."

"एवढ्यात?" खालून वन्संचा आवाज आला.

मग मात्र पेंटरबाईला हसू आलं, आणि हसता हसता ती पुढच्या दोन पायऱ्या कधी चढली ते कळलं नाही. खडूची दोरी ताणून तिने भिंतीवर रेघ मारली. डाव्या हातात काठी धरून भिंतीला टेकवली, उजवं मनगट काठीवर ठेवलं, ब्रश बुडवला आणि हात वर नेला. कानाच्या जरा वर जाऊन हात थांबला. अगदी गच्चीवरच्या खुणेएवढाच.

ओळ अजून वीतभर वर होती.

खाली पोरं ओरडत होती. कानात कोचचा श्वास येत होता. पेंटरबाईने हात खाली घेतला. काठी बगलेत दाबली, कठड्यासारखी शिडी धरली आणि एक पाय वर टाकला. मग दुसरा. पोटऱ्या ताठ झाल्या, मांड्या थरथरल्या, आणि मग थांबल्या. धरून राहिल्या. रेघ तिच्या छातीसमोर आली होती, जेवायचं ताट यावं तशी.

"पाय काय म्हणतात?" कोचने विचारलं.

"उभे आहेत," पेंटरबाई म्हणाली आणि पहिलं अक्षर धरलं.

मधे दोनदा उतरली. खाली बसून पाणी प्याली, हात चाचपून बघितला, वन्संनीही चाचपून बघितला, बोटं दाबून, दोन्ही हात शेजारी धरून. सूज नव्हती. परत चढली. शेवटच्या अक्षराचा शेवट फिरवला तेव्हा पाठ अशी भरून आली होती की वाटावं, कोणीतरी आत विटा रचल्यात. पण ओळ सरळ होती. निळ्या रंगात, हातभर उंच अक्षरं: धावू नये.

मॅनेजर तलावाच्या पार पलीकडच्या टोकाला गेला आणि तिथून मान वर करून बघत राहिला. पेंटरबाई वरून त्याला बघत होती. मान सरळ होती त्याची. सरळ आणि वर.

"स्टिकरवाल्यांना नको म्हणून सांगतो!" तो तिथूनच ओरडला.

कानात कोच इतक्या जोरात किंचाळली की पेंटरबाईने तार काढून खिशात टाकली.

तेवढ्यात निळ्या टोपीवाली एक पोरगी ओल्या फरशीवरून धाड धाड पळत गेली. तिच्यामागे आणखी चार. आणि वन्संची छत्री आडवी झाली.

"थांब! वाचता येतं का? वर काय लिहिलंय?"

"धावू नये," पोरगी घाबरून म्हणाली.

"मग? सगळ्यांनी मागे जा. पहिल्यापासून चालत या. एका ओळीत. टोपी सरळ कर."

पोरं खरंच मागे गेली. एका ओळीत आली. पाण्यातलीही काही बाहेर येऊन ओळीत उभी राहिली, कशाला ते त्यांनाच ठाऊक. वन्संच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं होतं की विचारू नका. वर्षभर फक्त एका भावजयीवर भागवलेलं होतं त्या बाईने.

मॅनेजर शिडीखाली आला. आवाज बारीक करून म्हणाला, "या कोण हो? आमच्या इथे दोन माणसं आहेत, त्यांचं पोरं ऐकतच नाहीत."

पेंटरबाईने ब्रश डब्याच्या काठाला निपटला. वरून खाली बघितलं. "आमच्याकडच्याच आहेत," ती म्हणाली. "हव्यात का तुम्हाला? रोज दुपारी?"

"त्या येतील?"

"विचारायचं नाही. शिट्टी द्यायची हातात."

मॅनेजरने गळ्यातली शिट्टी काढली आणि भीत भीत पुढे केली. वन्संनी ती रुमालाने पुसली, उलटसुलट बघितली, ओठांना लावली आणि अशी फुंकली की पाण्यातलं शेवटचं पोरही काठाला येऊन चिकटलं.

पण ती पहिली शिट्टी पोरांसाठी नव्हतीच.

"बाळ्या!" वन्सं कडाडल्या. "डोळे उघड! वर बघ, तुझी बायको ओळ लिहितेय!"

नवऱ्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. मान वर केली. पेंटरबाई दुसऱ्या ओळीसाठी दोरीला खडू लावत होती.